सहावा पेशंट

प्रिय छोट्या,

तुझं अभिनंदन करायचं राहिलं होतं, ते आधी उरकते. पोटाच्या कॅन्सरवरच्या तुमच्या औषधाची मात्रा ठरली, त्याच मात्रेवर आता साठ पेशंट घेणार, असं तू फोनवर सांगितलंस. भाषणात दाखवायला बाबांचा फोटो हवा, असंही म्हणालास. फोटो सापडला. शिलाई मशीनवर बसलेत, गळ्यात टेप आहे. पाठवत नाही.

त्या औषधाच्या चाचणीत बाबा सहावे होते. जेवताना तूच त्यांना समजावलं होतंस, ताटाभोवती सहा वाट्या मांडून. सहा जणांना ही मात्रा द्यायची; एकाला फार त्रास झाला तर चालतं, दोघांना झाला तर मात्रा खाली आणायची. एकाला झालाय, हेही बोलून गेलास. तू हात धुवायला उठलास तेव्हा ते मला म्हणाले, "म्हणजे आता माझ्यावर आलं की गं सगळं." वर हसले. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले होते; मुलाच्या कामात आपलाही एक टाका, एवढंच त्यांना दिसलं.

ते तुझे वडील, म्हणून तू त्यांना तपासायचं नाही, असा नियम होता. तुझ्या सहकारी डॉक्टरबाई तपासायच्या. तू वॉर्डच्या दारातून "काय दर्जीसाहेब" म्हणून हात हलवायचास आणि पुढे जायचास. नियम तू चोख पाळलास. घरी येऊन विचारू नये, असं मात्र त्यात कुठे लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या बोटांची जाण गेली. सुई टोचलेली कळेना. शिवत होते त्या उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके दिसले तेव्हा कळलं. शर्टाची बटणं मी लावू लागले. मग पाणीही पोटात ठरेना. रोज संध्याकाळी भरायची ती तुमची वही, त्रास शून्य ते दहा, असेल त्या आकड्याला गोल. बाबा म्हणायचे, दोन. मी म्हणायचे, अहो बाबा, सकाळपासून सहा उलट्या झाल्या. "मग तीन कर. घासाघीस नको, मी गिऱ्हाइकांशीसुद्धा केली नाही." तपासणीच्या दिवशी सकाळपासून डोळे मिटून पडून राहायचे, बाईंसमोर ताठ बसायला बळ उरावं म्हणून. बाई त्यांची पाठ थोपटायच्या.

औषधानं गेले असं मी म्हणत नाही. गाठ होतीच. पण मात्रा कमी झाली असती तर शेवटचे तीन महिने ते माणसासारखे जगले असते. ते गेल्यावर तू चारचौघांत म्हणालास, औषध त्यांना छान सोसलं. मी मान डोलावली. बाबांची इच्छा मोडायची नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे तुझ्या तोंडावर बोलायची हिंमत नव्हती. लहानपणापासून या घरात तू अभ्यास करत असलास की सगळे हळू बोलायचे. माझी ती सवय गेली नाही.

आता साठ जण. ते तुझे बाप नाहीत, खरे आकडे लिहितील, असं तू म्हणशील. लिहितील, पण औषध अंगात भिनल्यावर. म्हणून सांगते. त्या वहीतले गोल बाबांनी काढलेले नाहीत. त्यांना पेन धरवत नव्हतं. दुसऱ्या आठवड्यापासूनचा प्रत्येक गोल माझ्या हातचा आहे, आणि प्रत्येक खोटा आहे. तसं मी तुमच्या हॉस्पिटलच्या, चाचण्यांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीला सहीनिशी लिहून दिलं, आज सकाळी, स्वतः जाऊन. साठांतला पहिला पेशंट सोमवारी येणार आहे. समितीचं बोलावणं येण्याआधी तू आपणहून तिथे जावंस, यासाठी हे पत्र. बाबांसाठी म्हणून जाऊ नकोस. त्यांना हे मुळीच आवडलं नसतं.

अजूनही तुझीच,
ताई