सारवलेली होडी

भाटघर, कार्तिक वद्य पंचमी, सन १९३१

ती. दादांस सोनबाचा सा. न. वि. वि.

वेल्ह्यास तुम्ही व वहिनी खुशाल असाल. आई बरी आहे, मी मात्र थकलो. ज्या साहेबाच्या बंगल्यावर मी कामाला होतो, तो विलायतेला जाताना आपली शिडाची जुनी होडी मला देऊन गेला. ती आतून सदा ओली. फळ्यांना बुरशी, खिळ्यांना गंज. सकाळी कोरडी पुसावी तर संध्याकाळी पुन्हा घाम फुटल्यासारखी. रतन धरणाच्या पल्याडच्या काठाला माहेरी बाळंत झाली, मुलगी आहे. दोघींना होडीतूनच घरी आणीन, असे मी सासऱ्यांपुढे छातीठोक बोलून बसलो. तुम्ही मुंबईला गोदीत काम केलेत, काही उपाय सांगा. उत्तर धाडावे, त्यातच लोभ समजेन.

सोनबा

वेल्हे, कार्तिक अमावास्या

चि. सोनबास अनेक आशीर्वाद.

मुलगी झाली, फार आनंद झाला. तुझ्या वहिनीने आळीत गूळ वाटला. नांगर धरणाऱ्या हातांनी आता शीड धरले, म्हणून ती पोटभर हसलीही. होडीवरची झाकणे दिवसभर उघडी टाक, वारा आरपार जाऊ दे. तळाचे पाणी उपस. गंज खरवडून खिळ्यांना जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर लाव. ओल कोंडली की खिळे आतून जातात आणि फळी भर पाण्यात सुटते. तान्हे लेकरू घेऊन धाडस करू नकोस, मला घोर लागून राहील. आईस दंडवत. माया आहे ती आहेच, पत्रात किती लिहू.

सावळाराम

भाटघर, मार्गशीर्ष शुद्ध दशमी

ती. दादांस सा. न. वि. वि.

शेंदूर आणला, पण आईने हात धरला. शेंदूर लागला की त्याचा देव झाला, मग पाय कुठं ठेवायचा, म्हणाली. मी नसरापूरच्या बाजाराला गेलो आणि परत येतो तो तिने होडी आतून शेणमातीने सारवून काढलेली. ओल आली की सारवायचं, यवढं बी तुला कळंना व्हय, असे वर मलाच विचारले. मी वैतागलो. पुढे रोज एक हात देतच राहिली. काल कोपऱ्यातला पोपडा काढून पाहिला. खिळे आधीच गेलेले, त्यात ही कोंडलेली ओल. भुगाच हाती आला, फळीत बोट रुतले. होडी संपली, दादा.

हे सांगायला आईकडे वळलो, तर ती आतच सारवत बसली होती. आपलं घर धरणाच्या पाण्यात गेल्यापासनं सारवायला भुईच न्हवती रं, आत्ताच्या छपरात खाली नुसता खडक, त्याला सारवणाचा हात धरत न्हाई, असे म्हणाली. मला रडू आवरेना. पोपडा काढलेली जागा मीच परत सारवली.

आज बैल लावून होडी काठावर ओढली, बुडाला दगड लावले. खिळ्यांचे तिला सांगितले नाही, तुम्हीही लिहू नका. उद्या वळसा घालून पायी रतनला आणायला जाईन. सासरे हसतील, हसोत. आईने होडीतच तान्हीसाठी झोळी टांगली आहे. होडीला उंबरा नसतो, तरी जिथून आत शिरायचे तिथे तिने रांगोळी काढली आहे, नात घरी येते म्हणून. लोभ करता तसाच करावा.

सोनबा