कडुनिंबाची हाडं

बाई, तुम्ही जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली आणि मला अजून रडू आलेलं नाही. लाज वाटते, पण नाही येत, त्याला मी तरी काय करू?

काल चहा गाळताना तुमचं नाशिकचं स्वयंपाकघर आठवलं. चौऱ्याहत्तर साल असेल, मी नववीत. शाळेत तुम्ही मराठी शिकवायचात आणि रविवारी आम्हा दोघी-तिघींना घरी बोलावून जपान. कुठून कुठून पुस्तकं आणून तो देश वाचला होतात. स्वतः मुंबईच्या पुढे गेला नव्हतात. स्टीलच्या वाटीत कोरा चहा. वाटी दोन्ही हातांनी धरायची, आधी बघायचं, मग प्यायचं, मध्ये अवाक्षर नाही. "बाई, निदान साखर तरी?" मी कुरकुरते. "तिकडं घालत नाहीत." "पण आपण नाशकात आहोत ना!" तुम्ही हसता आणि डबा पुढे सरकवता. मग हजार वर्षांपूर्वीच्या तिथल्या राजवाड्यातल्या बायका. चिठ्ठी फांदीला बांधून पाठवायच्या, उत्तर त्याच दिवशी जायला हवं, आणि दुःख झालं असं चुकूनसुद्धा लिहायचं नाही. बाही भिजली, एवढंच. कळणाऱ्याला कळतं. मी एकदा कवितेत 'मी फार एकटी आहे' असं लिहिलं, तर तुम्ही वही परत ढकललीत. "हा काय तलाठ्याला दिलेला अर्ज आहे? एकटेपणाचं नाव घेऊ नकोस. खिडकी दाखव." मला भयंकर राग आला होता, पण ते बोलणं अंगात मुरलं ते मुरलंच.

पुढे मी सरकारी कचेरीत चिकटले, लग्न झालं, तुम्ही निवृत्त झालात. पोस्टकार्डं मात्र चालू राहिली. एकीनं तीन ओळी पाठवायच्या, पाच-सात-पाच अक्षरांच्या. दुसरीनं त्या तपासून त्याच दिवशी उत्तर टाकायचं. त्या फाल्गुनात कार्ड कळवणहून आलं. 'बहिणीकडे आलेय', आणि खाली,

खिडकीमध्ये
आता कडुनिंबाची
सगळी हाडं

मी कचेरीतल्या टेबलावरच उत्तर लिहिलं: "'हाडं' फार उघड होतं, बाई. 'सगळ्या फांद्या' करून बघा." आणि जेवणाच्या सुट्टीत पेटीत टाकलं.

पंधरा दिवसांनी तुम्ही गेल्याचं कळलं. मी कळवणला गेले. तुमच्या बहीण दारातच म्हणाल्या, "लय वाट पाह्यली गं तिनं तुझी. कॅन्सर होता. कोनाला कळवू द्यायची नाय. म्हनायची, तिला लिहिलंय, ती येईल." मग त्यांनी उशाखालचं माझं कार्ड आणून दिलं. 'सगळ्या फांद्या'च्या शेजारी लाल शाईची बरोबरची खूण होती. मी तिथं गोड चहा घेतला, बशीत ओतून, आणि पाचची एसटी पकडली. वणीपर्यंत उभं राहावं लागलं.

आता हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. नवऱ्याला, मुलींना, सगळ्यांना मी इतकी वर्षं हेच सांगत आले, की बाईंच्या त्या ओळींचा अर्थ मला तेव्हा लागलाच नाही, कविता म्हणूनच वाचल्या. खोटं आहे ते, बाई. कार्ड हातात पडताच मला कळलं होतं. तुम्हाला तसं बघायची हिंमत नव्हती, म्हणून मी शब्द तपासत बसले.