महालक्ष्म्यांच्या भिंतीतली वायर

वरवट बकाल,
फेब्रुवारी १९६९

प्रिय इंद्रभान,

तुला आशीर्वाद, आईबाबांना नमस्कार. पण हे पत्र त्यांना वाचून दाखवण्याआधी एकदा तू एकटा वाच. तुझं दुकान बरं चाललंय, खामगावात घरोघरचे रेडिओ बिघडून राह्यले, असं इथून खामगावला जा-ये करणारा मोतीराम सांगत होता. बिघडू देत. आमचा बिघडला नाही, हे आधीच सांगून ठेवते. गावात काहीबाही ऐकून येणाऱ्यांवर विश्वास ठेवू नकोस.

भाऊबीजेला सगळ्यांचे भाऊ लुगडं घालतात, तू ताटात स्पीकर घातलास. सोबत वायरीचं वेटोळं आणि स्क्रू पिळायचा पेचकस. तेव्हाच सासरेबुवांच्या, आमच्या मामाजींच्या कपाळाला आठी पडली होती, तुझ्याही लक्षात आलं असेल. दोन वर्षांपूर्वी या घरात विजेची लाइन आली आणि तिच्या मागोमाग रेडिओ. पण रेडिओ बैठकीत, आणि बैठकीत माणसं बसली असली की बायकांनी उंबरा ओलांडायचा नाही. माणसं कधी उठतात? सकाळी बातम्या, दुपारी गप्पा, संध्याकाळी कापसाचे भाव. आत्याबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून या घराची चूल त्यांच्या हाती आहे, आणि घरातला रेडिओ त्या भिंतीला कान लावून ऐकत होत्या. भजन लागलं की हातातली भाकर तव्यावर तशीच राहायची. मला ते बघवत नव्हतं. सासू आहे, मला घालूनपाडून बोललेली आहे, पण बघवत नव्हतं. म्हणूनच रेडिओला वायर जोडून तुझा स्पीकर सैपाकघरात न्यायचं ठरलं.

तू समजावून दिलं होतंस की स्पीकरची वायर लाइटीच्या वायरीच्या अंगाला लागू द्यायची नाही, हातभर दूर ठेवायची, ओलांडायचीच झाली तर सरळ आडवी ओलांडायची. सगळं पाठ होतं मला. पण बैठकीतून सैपाकघराकडे यायला दोनच भिंती. एकीवर लाइनवाल्यांनी लाकडी पट्टी ठोकून लाइटीची वायर नेलेली. दुसरीला भादव्यात महालक्ष्म्या बसतात, आणि त्या भिंतीत या घरात कोणी कधी खिळा ठोकलेला नाही. साधं कॅलेंडर नाही तिथे. आत्याबाई म्हणाल्या, देवीच्या पाठीत खिळा मारशील का? मग काय करणार? त्याच लाकडी पट्टीवर, लाइटीच्या वायरीला चिकटून, मी आपली वायर नेली. तुझे दाजी शिडी धरून उभे होते. शिडी ते फार छान धरतात, त्यापलीकडे या प्रकरणात त्यांचा हात नाही.

दिवा लागला की स्पीकर घुंऽऽ करायचा. भजनाच्या मागे भुंगा बसल्यासारखा. आम्ही चालवून घेतलं. आत्याबाई तर म्हणायच्या, भुंग्यालेबी गाऊ दे. इंद्रभान, त्या पहिल्या दिवसांत त्यांचा चेहरा तू पाहायला हवा होतास. कणीक मळता मळता त्या रेडिओवरच्या बाईला उत्तरं द्यायच्या.

मग मागच्या आठवड्यात, बैठकीत गुलाबराव वगैरे मंडळी भाव ऐकत बसली असताना, आत्याबाईंनी स्पीकरवरची राख पुसायला हात लावला आणि त्यांचा हात झटकन मागे फेकला गेला. पाठोपाठ चर्र झालं, फ्यूज उडाला, घरभर अंधार. पट्टीवरच्या एका खिळ्यानं दोन्ही वायरींची सालं सोलली होती. आत्याबाईंना काही झालं नाही, हात रात्रभर मुंग्या आल्यासारखा राहिला एवढंच. पण मी घाबरले, खरंच घाबरले. मामाजी घाबरले नाहीत, ते चिडले. त्यांना बायकोच्या हातापेक्षा गुलाबराव हसले त्याचं जास्त लागलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "सुनेच्या हातात पकड पाहून गाव हासून राह्यलं. उद्या सकाळी ती वायर निंगाली पाह्यजे. नाही तं भावाले बलावतो अन् पाठवतो माहेरी."

मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उंबऱ्यावर येऊन सांगितलं, "वायर निंगत नाही, मामाजी. तिची जागा बदलते फकस्त." तुझे दाजी तिथेच बसले होते, त्यांनी जमिनीकडे पाहिलं. त्यांच्यावर रागवायला मला अजून फुरसत मिळालेली नाही.

सकाळी मी जुनी वायर उतरवून दुखऱ्या जागी कापून टाकली, आणि महालक्ष्म्यांच्या भिंतीकडे बघत हातोडी घेऊन नुसती उभी राहिले. हिंमत होईना. मामाजींना उत्तर देणं सोपं होतं, देवीचं तसं नाही. तेव्हा आत्याबाई हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आल्या. पहिल्या खिळ्याला त्यांनी हळदकुंकू लावलं, भिंतीला हात जोडले आणि खिळा माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "ठोक पोरी. माह्या महालक्ष्म्याइले काही नाही होत. वर्साचे तीन दिवस येतात बिचाऱ्या, त्याइलेबी आयकू दे." मी ठोकला. रडत ठोकला, म्हणून जरा वाकडा गेलाय. लाइटीची वायर आता पार पलीकडच्या भिंतीवर राहिली. दारावर एकाच ठिकाणी दोघींची गाठ पडते, तिथे तू सांगितलंस तशी आडवी ओलांडलीय. भुंगा गेला. आवाज असा स्वच्छ की शेजारच्या केसरबाई आपली वांगी घेऊन चिरायला आमच्याकडे येऊन बसतात.

मामाजींनी वायरीला हात लावला नाही. कुंकू पाहिल्यावर कसा लावतील? पण बाहेर जाताना ते रेडिओचं बटण उपटून खिशात घालून नेऊ लागले. साठीचा माणूस! आत उघडी कांडी राहते, ती मी पकडीनं फिरवते. परवा ते बटण खिशात घेऊन शेतातून परत आले, तर सैपाकघरात बायकांचा कार्यक्रम रंगलेला आणि आम्ही तिघी हसतोय. हातपाय धुतले, आणि थेट मोतीरामच्या घरी गेले.

तिथे ते का गेले, ते तुला आता कळलंच असेल, कारण मोतीराम आज तुझ्या दुकानात आला असणार. मामाजींनी त्याच्या तोंडी निरोप धाडलाय की बहिणीले घेऊन जा. आणि हे पत्र मी त्याच मोतीरामच्या पिशवीत घातलंय, म्हणजे दोन्ही एकदमच पोचतील. निरोप ऐकून तू घाबरशील, बाबा दोन दिवस जेवणार नाहीत, आई म्हणेल की माफी माग म्हणावं. मी माफी मागणार नाही. मला इथून कोणी घालवलं असं चारचौघांत म्हणायची संधीही कोणाला देणार नाही. म्हणून तू ये, नक्की ये, लेकीला न्यायला आलेल्या मुऱ्हाळ्यासारखा फेटा बांधून ये. बैठकीत बस, पाणी पी, आणि मामाजी घेऊन जा म्हणाले की हो म्हण. फक्त एवढं विचार, की दोघींना एकाच गाडीत न्यायचं की कसं? आत्याबाईंनी आपली दोन लुगडी गाठोड्यात बांधून ठेवली आहेत. सून जाईल त्या दिवशी मीही जाईन, असं त्यांनी केसरबाईंसमोर बोलून दाखवलंय. मामाजींना अजून कोणी सांगितलेलं नाही. ते तू सांग.

तुझीच,
विमलताई