माहेरच्या पिसवा

कसबा बावडा, कोल्हापूर
मंगळवार, ३ जून २०२५

प्रिय अक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार पोहोचावा. दाजींना आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांग. तेजूला सांग, मामानं तिचे इथं राहिलेले दोन्ही फ्रॉक पाठवलेत.

तुमच्या निपाणीच्या घराचा रंग आता पूर्ण झाला असेल. इकडे सगळे बरे आहेत. आप्पांचा गुडघा तसाच आहे. जिना चढताना गुडघा कुरकुरतो, उतरताना आप्पा कुरकुरतात. धाकट्या म्हशीला रेडी झाली. मी रोज शाहूपुरीत दुकानाला जातो. सध्या शाळेच्या रिक्षांवर नावं चिकटवायची कामं आली आहेत. रेडियमची अक्षरं कापायला मालक माझ्याकडेच देतात, कारण माझी वेलांटी चुकत नाही. अकरावी अर्धी सोडलेल्याला एवढी तरी पदवी असावी. अंगण स्वच्छ आहे. फाटकाजवळ आता बरीच जागा मोकळी झाली आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन लावला की तो स्पीकरवर असतो. तुझ्या आवाजामागून सासूबाईंचा खोकला ऐकू येतो आणि "कोण हाय? बावड्याचं काय?" हेही ऐकू येतं. मग मी रेडीची खुशाली तुलाच सांगत बसतो आणि ठेवून देतो. म्हणून हे पत्र फ्रॉकच्या घडीत ठेवलं आहे. पार्सलवर तेजूचं नाव घातलं आहे, म्हणजे ते तूच उघडशील. फ्रॉक उकळत्या पाण्यातून काढले, उन्हात वाळवले, इस्त्री केली. शिवणीसुद्धा तपासल्या. त्यात काही नाही.

परवा फोन तेजूनं उचलला होता, हे तुला माहीत आहे का? ती आधी मांजरीचं सांगू लागली, "मामा, लोणी सारखी खाजवती. मी पण खाजवती. फोडातनं पाणी येतंय." मी विचारलं, "कुठं गं?" ती म्हणाली, "पायाला, हितं," जसं काही मला दिसतंच आहे. तेवढ्यात कोणीतरी फोन काढून घेतला. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. काल एका रिक्षावर मी 'विद्यालय'मधला 'द्या' उलटा चिकटवला.

आता पुढचं नीट, सुरुवातीपासून लिहितो. त्यातलं बरंचसं तुला माहीत आहे. पण आपण दोघं त्याबद्दल एकमेकांशी एक शब्दही बोललेलो नाही.

लग्नाला सहा वर्षं झाली, आणि तू पहिल्यांदा माहेरी राहायला येत होतीस. आजवर सणाला आलीस तरी संध्याकाळच्या गाडीनं परत. या वेळी रंगाच्या वासानं सासूबाईंना दम लागतो म्हणून का होईना, तेजूच्या सुट्टीत सगळ्यांनी आठवडाभर यायचं ठरलं. अव्वानं लेकीच्या सासूबाईंसाठी कापूस पिंजून नवी गादी करून घेतली. गब्रूला आप्पांनी स्वतः आंघोळ घातली आणि फाटकाजवळ बांधला. "पावणं येणार हाईत, भुंकायचं न्हाय," असं त्याला बजावलं. आणि खरंच, तुमची गाडी आली तेव्हा तो भुंकला नाही. नुसती शेपटी आपटत राहिला. तेजू मांजराची वेताची बुट्टी पोटाशी धरून उतरली. पांढरीशुभ्र लोणी. सासूबाई उतरतानाच म्हणाल्या, "हिच्या आईचा हट्ट, मांजर पाहिजे म्हणून. काय झालं तर तिच्या जबाबदारीवर, म्हणून सांगून ठेवलंय मी." सगळे हसले. तू हसली नव्हतीस.

दुसऱ्या सकाळी सासूबाईंच्या घोट्यावर लाल फोडांची ओळ उठली होती. आप्पा म्हणाले, डास असतील. मग त्या पूजेला बसल्या. मी फुलं द्यायला दारात उभा होतो. डाव्या तळहातावर इष्टलिंग, नजर त्यावर रोखलेली, आणि त्यांच्या मनगटावर एक पिसू. ती उडी मारून अंगठ्याच्या मुळाशी गेली आणि तिथंच बसली. चावली असणार, कारण सासूबाईंच्या ओठांच्या कडा हलल्या. पण हात हलला नाही. पूजा पूर्ण होईपर्यंत त्या हलल्या नाहीत, हे मात्र मानलंच पाहिजे. मीही फुलांचं ताट धरून श्वास रोखून उभा होतो.

पूजा झाली, आणि मग घर दणाणलं.

"पिसवा! अहो पिसवा हाईत तुमच्या घरात! आमच्या सात पिढ्यांत कुणी बघितल्या न्हाईत. दारात कुत्रं, मागं म्हसरं, आणि मधी माणसं! आणि गादी नवी म्हणं!"

अव्वा पिठाच्या हातानं तशीच उभी राहिली. आप्पा म्हणाले, "व्हय, जनावरं हाईत दारात. चुकलं आमचं. आजच्या आज बघतो."

मला राहवेना. चूक कुठं आहे ते कळल्याशिवाय मी ती दुरुस्त करत नाही, तुला माझा स्वभाव माहीत आहे. मोबाईलवर वाचून मी प्रत्येक खोलीत बल्बखाली साबणाच्या पाण्याची ताटली ठेवली. पिसवा उजेडाकडे उडी मारतात आणि बुडतात. सकाळी कुणी उठायच्या आत ताटल्या उचलल्या. गोठ्यातली स्वच्छ. ओसरीवरची स्वच्छ. स्वयंपाकघरातली स्वच्छ. फक्त पुढच्या खोलीतल्या, तुम्ही झोपत होता तिथल्या ताटलीत काळे ठिपके होते. पाय असलेले ठिपके. गब्रूच्या पोटावरचे केस उलटे करून पाहिले, तिथं एकही नव्हती. मग लोणीच्या बुट्टीतलं फडकं झटकलं. काळी, बारीक, कोंड्यासारखी पूड पडली. ओल्या कापसावर ठेवली तर तांबडी झाली. ते रक्त असतं, पिसवांनी प्यायलेलं.

मी तो कापूस घेऊन गोठ्यात आप्पांकडे गेलो. ते धार काढत होते. त्यांनी कापूस पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि धार थांबवली नाही.

"कुणाला सांगितलंस?"

"नाही अजून."

"मग सांगू नगंस. पावण्याच्या ताटातला खडा आपण गिळायचा असतोय. पोरीला त्याच घरात नांदायचं हाय."

मी म्हटलं, "पण आप्पा, खरं—"

"खरं काय असतंय ते माझ्या म्हशीला पण कळतंय. जा, त्यो कापूस शेणात टाक."

टाकला.

त्याच दिवशी आप्पांनी सासूबाईंना दिसावं म्हणून अंगणात गब्रूला गोचिडाचं, गोठ्यातलं औषध लावायला घेतलं. सासूबाई दारातून म्हणाल्या, "आमच्या लोणीला पण लावा की. तुमच्या कुत्र्याचंच लागलं असंल तिला." आप्पा बाटली घेऊन उठले. मी बाटली हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचली. मांजरांसाठी वापरू नये, असं स्पष्ट लिहिलं होतं. मी म्हटलं, "मांजराला हे चालत नाही. झटके येऊन मरू शकतं."

"लई शिकलास न्हवं?" सासूबाई म्हणाल्या. "शाळेत राहिला असतास तर डागतर झाला असतास."

मी बाटली नेऊन वैरणीत लपवली. लोणीचा जीव वाचला एवढंच त्या दिवशीचं बरं.

दुपारी सासूबाई झोपल्यावर मी मागच्या पायरीवर लोणीला मांडीवर घेऊन उवांची बारीक फणी फिरवत होतो. तेजूनं तिचे पाय धरले होते. फणी भरून पिसवा निघत होत्या आणि मी त्या साबणाच्या वाटीत झटकत होतो. तेवढ्यात तू पाणी प्यायला म्हणून आलीस. तेजू म्हणाली, "आई, बघ, लोणीच्या किती निघाल्या!"

अक्का, तू वाटीत पाहिलंस. बराच वेळ पाहिलंस. मग वाटी उचललीस, पाणी मोरीत ओतलंस आणि तेजूला म्हणालीस, "आजीला सांगायचं न्हाय."

मला वाटलं, तुलाही आप्पांसारखाच खडा गिळायचा असेल. ते मी समजू शकलो असतो. पण संध्याकाळी चहाला सगळे बसले असताना तू म्हणालीस, "गब्रूला घालवा आधी. या घरात लहानपणापासून बघते, जनावर आणि माणूस एकच. अव्वाला स्वच्छता कधी कळलीच न्हाय."

तुमची गाडी दुसऱ्या दिवशी गेली. फाटकात सासूबाई म्हणाल्या, "ते कुत्रं हाय तवर आमची सून हितं राहायला येणार न्हाय." आप्पांनी हात जोडले. त्यानंतरच्या सकाळी मीच दुधाच्या टेम्पोतून गब्रूला वारणानगरला नेलं, माझ्या मित्राकडे, कृष्णातकडे. तो कामगारांच्या वसाहतीत राहतो. गब्रू टेम्पोत आनंदानं उभा होता, त्याला वाटलं फिरायला निघालोय. कृष्णात म्हणतो, भाकरी खातो पण फाटकाकडे तोंड करून.

इथवर काल लिहिलं आणि थांबलो. रात्री वाचून पाहिलं तर मी तुझ्यावर रागावल्यासारखं वाटलं. खोडायचं म्हटलं, पण खोडाखोड केलेलं पत्र मला पाठवता येत नाही. म्हणून राहू दे. मी रागावलोही आहे. पण त्यासाठी लिहायला बसलेलो नाही.

तेजूचे पाय आधी. फोडातून पाणी येत असेल तर तिला आजच डॉक्टरांकडे ने, उद्यावर ढकलू नकोस. नखं काप. लोणीला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन जा आणि मांजराचंच औषध माग, वजन सांगून. कुत्र्याचं नको, म्हशीचं तर मुळीच नको. गाद्या, चादरी, लोणीचं फडकं गरम पाण्यात. पलंगाखालचे, कपाटामागचे कोपरे रोज झाड. एकदा करून थांबू नकोस, कारण अंडी राहतात आणि पुन्हा निघतात. रंग नवा असला तरी त्यांना फरक पडत नाही.

हे सगळं करायचं तर सासूबाईंना काहीतरी सांगावं लागेल, आणि मांजर तुझ्या जबाबदारीवर आहे, हे मी विसरलेलो नाही. खरं सांगितलंस तर तुला त्या घरात किती दिवस ऐकून घ्यावं लागेल, याचा अंदाज मला आहे. त्या संध्याकाळी तू तशी का बोललीस, हेही आता थोडंफार कळतं. म्हणून खरं सांगू नकोस. सांग की पिसवा माहेरून आल्या. बावड्याच्या कुत्र्याच्या लोणीला लागल्या. हवं तर माझं नाव घे, अर्धवट शिकलेल्या भावानं औषध नीट लावू दिलं नाही म्हण. मी ते कधीच खोटं पाडणार नाही. आप्पा तर नाहीच. तेजूचे पाय बरे होऊ देत.

फक्त अव्वासाठी एक मागतो.

तुम्ही गेल्यापासून ती रोज सकाळी सगळं घर फिनेलनं पुसते. नवी गादी तिनं उसवली, कापूस गच्चीवर उन्हात पसरला, परत भरला, परत उसवला. घरात आलेल्या माणसाला आधी पाट पुसून देते आणि मग तो बसेपर्यंत पाटाकडेच बघत राहते. परवा मी जेवत असताना हळूच म्हणाली, "बसू, खरं सांग. आपल्या घराला वास येतो का रे?" मी नाही म्हणालो. तिला पटलं नाही. मी म्हटलेलं तिला पटणार नाही. त्या कापसाचं मी तिला सांगितलेलं नाही, कारण आप्पांना शब्द दिला आहे. आणि ते माझ्याकडून कळून काही उपयोगही नाही. ती तुझ्या तोंडून दुखावली आहे.

तुला माफी मागायला सांगत नाही. तिथं कुणाला काही कळावं असंही नाही. पुढच्या वेळी फोन कर तेव्हा, स्पीकरवर असला तरी चालेल, बाजूला सासूबाई बसल्या असल्या तरी चालेल, अव्वाला एवढंच विचार: "गब्रू कसा हाय?"

बस. यात कुणाला काही खटकणार नाही. पण अव्वाला कळेल. जी मुलगी म्हणाली त्याला घालवा, तीच त्याची चौकशी का करते, हे तिला न सांगता कळेल. तुम्हा दोघींना लहानपणापासून असंच कळत आलं आहे.

हे वाचून झालं की बंबात घाल. फ्रॉकची घडी पुन्हा तशीच कर.

अव्वासमोर फोन चार्ज करून ठेवतो आहे. गब्रूची साखळी मी फाटकावरून काढलेली नाही.

पिसवा आमच्याच होत्या, असं कुणीही विचारलं तरी सांगणारा,
तुझा भाऊ
बसवेश