कोरी चिंधी, हळदीची चिंधी

खोडाळा,
१२ जानेवारी २०२५

ती. उत्तमदादास,
सरूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र जीपवाल्या काळ्याने पोचवलं. मी मात्र ते अंगणवाडीच्या हर्षदाताईकडून वाचून घेतलं, कारण तुझं अक्षर हल्ली फार बारीक झालंय. मास्तर होतास तेव्हा फळ्यावर केवढं मोठं काढायचास! पेन्शन मिळाली आणि अक्षर आटलं की काय?

फोन कर म्हणतोस. रेंजसाठी टेकाडावर जावं लागतं, आणि मी तिथे बोलायला लागले की अख्खा पाडा कान लावून उभा. घरातलं गाऱ्हाणं कागदावरच बरं.

मी बरी आहे. परवा विहिरीवर पडले, कुणीतरी पायरीचा दगड हलवलाय. भाकरी उलटताना बोटं भाजली, तेही चालायचंच. तांदूळ निवडायला घेतले तर खडे सापडत नाहीत आणि जेवताना मात्र दाताखाली येतात. दळणवाला लबाड झालाय, दुसरं काय.

आमचा लक्ष्या आणि त्याची बायको तुझ्या जव्हारात खोली घेऊन राहिलीत, ते तू डोळ्यांनी बघतोसच. मी त्यांना घालवलं नाही. तू विचारलंस म्हणून परत सांगते. आपल्याकडे बियाणं म्हातारीच्या ताब्यात असतं. मी लोंब्या निवडते, लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताच्या जुडीला हळदीत बुडवलेली चिंधी बांधते, उशिराच्या गरव्याला कोरी पांढरी. आईने शिकवलं तसंच. चाळीस वर्षं कधी चुकलं नाही. गेल्या जूनला सुनेच्या हाती जुड्या दिल्या, तिने झोडून राबाच्या वाफ्यात पेरल्या, आणि दसऱ्याला बघते तर एकाच खाचरात अर्धं भात पिकून गळतंय आणि अर्धं हिरवंगार! मिसळलंन सगळं प्राजक्ताने. मग वाघबारशीच्या सणाला चारचौघींत बोलले की हिच्या हाताला बरकत नाही. खरं बोलायला भ्यायचं कशाला?

वहिनीला सांग, लोणचं संपलं. या वेड्या बहिणीवर माया असू दे.

तुझी,
सरू


जव्हार,
१९ जानेवारी २०२५

चि. सरूस,
उत्तमचे अ. आ.

तुझं पत्र मिळालं. अर्धंच मिळालं म्हणायला हवं. तिसरी ओळ दुसरीच्या डोक्यावर चढलीय, आणि लोणच्याच्या पुढची दोन वाक्यं तू बहुतेक कागदाबाहेर, पाटावर लिहिलीस. पाट पाठवून दे, वाचून घेतो.

सरू, माझं अक्षर होतं तेवढंच आहे. विहिरीचा दगड आपल्या आज्यापासून हललेला नाही. दळणवाला गरीब माणूस आहे. तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू झालाय. मला झाला होता तेव्हा मीही वर्षभर वीजमंडळाला शिव्या देत होतो की दिव्यात जोर नाही. तुझ्या वहिनीने कान धरून नेलं तेव्हा अक्कल आली.

इथल्या शिबिरात तुझं नाव घातलंय. अठरा फेब्रुवारीला ऑपरेशन. एक डोळा आता, दुसरा पावसाळ्याआधी. नाही म्हणू नकोस, काळ्याच्या जीपमध्ये पुढची सीट सांगून ठेवलीय.

प्राजक्ता वसतिगृहात स्वयंपाकाला जाते. येता-जाता भेटते. तुझ्याविरुद्ध एक शब्द तिच्या तोंडून ऐकला नाही. मी विचारलं तर म्हणाली, मामा, भाजी काय आणू?

ऑपरेशन नको, चष्माच द्या, असा हट्ट करू नकोस. नेहमीसारखी भांडत राहा, म्हणजे तू बरी आहेस हे कळतं.

तुझा,
दादा


खोडाळा,
५ मार्च २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बघ, ओळी सरळ आल्यात की नाही? मी स्वतः लिहितेय, भर दुपारी ओट्यावर बसून. दादा, अरे काय सांगू तुला! वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी निळी आहे. मी दोन वर्षं ती मळकी समजून धुवायला काढत होते. भाताच्या दाण्यावरची रेघ दिसते. पाड्यातली नवशी समोरून आली तर लांबूनच हाक मारली. ती म्हणे, सरूबाय, तू गेली दोन वर्षं तोंड फिरवून जायचीस, आम्हाला वाटलं तुला माज चढला. घ्या! मला तरी ती दिसायची कुठे?

थेंब वेळेवर घालते, चुलीपुढे बसत नाही, वाकत नाही. भाकरी हर्षदाताई थापून देते.

एक सांगायचं राहिलं. तू मला बायकांच्या खोलीत सोडून बाहेर गेलास ना, तिथली एक मावशी फार गुणाची होती बघ. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने धुकंच दिसायचं, त्यामुळे तिचं तोंड काही कळलं नाही. बोलायचीही नाही. पण दोन दिवस माझं सगळं केलंन. तोंड पुसलं, वेणी घातली, चमच्याने नागलीची पेज भरवली. दवाखान्यात नागलीची पेज मिळते हे मला नवीनच! आणि काय चव! हाताला बरकत म्हणतात ती अशी. तिला माझ्याकडून एक लुगडं द्यायचंय, नाव विचारून ठेव.

आमच्या सूनबाई मात्र जव्हारात असून फिरकल्यासुद्धा नाहीत. सासू आंधळी होवो नाहीतर डोळस, त्यांना काय!

धाकटीवर लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

सरू


जव्हार,
११ मार्च २०२५

चि. सरूस,
अ. आ.

हे मी सांगणार नव्हतो. शपथ घातली होती मला. पण तुझ्या पत्राचा शेवट वाचला आणि राहवलं नाही.

दवाखान्यात नागलीची पेज मिळत नाही. तिथे पाव आणि चहा मिळतो. पेज डब्यातून आली होती, आणि डबा घेऊन आली होती तुझी सून. कामावर दोन दिवसांची सुट्टी टाकून. शिबिरात तुझं नावही तिनेच घातलं होतं, मी नुसता पत्रात रुबाब केला. मी तिला म्हटलं, बोल की तिच्याशी. तर म्हणाली, आवाज ओळखला तर त्या माझ्या हातचं खायच्या नाहीत, आणि उपाशीपोटी गोळ्या बाधतील.

आता लुगड्याचं काय ते तू बघ.

उत्तम


खोडाळा,
२ एप्रिल २०२५

चि. सौ. प्राजक्तास,
सरूचे अ. आ.

आशीर्वाद लिहिला खरा, पण तो द्यायचं तोंड मला राहिलेलं नाही. तीन कागद फाडले. दादाला म्हणणार होते, तूच निरोप सांग. पण वाघबारशीला बोलताना मी कुणाचा निरोप घेतला नव्हता.

बाय, मी काय केलं ते सगळं सांगते. दादाचं पत्र आल्यावर आधी मला रागच आला. म्हटलं, पेज भरवली म्हणजे बियाणं मिसळलं ते खोटं होत नाही. पुरावाच काढते, म्हणजे दादाचं तोंड बंद होईल. माळ्यावर त्याच पेरणीसाठी बांधलेल्या, गेल्याच्या आदल्या सालच्या जास्तीच्या जुड्या टांगलेल्या होत्या, सात. त्या नवशीकडून खाली काढून घेतल्या आणि उन्हात नेऊन बसले.

सातातल्या चार जुड्या चुकलेल्या. आखूड दाण्याच्या हळव्याला कोरी चिंधी, लांब दाण्याच्या गरव्याला हळदीची. एकीत तर दोन्ही लोंब्या एकत्र. आणि गाठी माझ्या. मी डावरी, माझी गाठ उलटी पडते, सगळ्या पाड्यात तशी दुसऱ्या कुणाची पडत नाही. मोतीबिंदूतून मला पांढरं सगळं पिवळंच दिसत होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसं होतं म्हणून. मी ते निळ्या दोरीला लावलं, चिंध्यांना लावलं नाही.

आणि मला आठवलं. जुड्या बांधताना तू शेजारी होतीस. तू म्हणाली होतीस की आई, ही चिंधी कोरी दिसते. मी काय म्हटलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. मी म्हटलं, दाभोश्याहून आणलेली पोर मला हळद ओळखायला शिकवते का?

नवशी समोरच बसली होती. तिने सगळं बघितलं. मला वाटलं धरणी दुभंगावी. तिला म्हटलं, हे कुणाला सांगू नकोस. ती हो म्हणाली. आणि मग त्याचीच मला जास्त लाज वाटली. तुझं नाव खराब करताना गाव गोळा केलं, आणि माझं झाकताना एकीला शपथ घालते!

चुकले मी. तू ये. राबाची तयारी करायची आहे.

तुझी सासू,
सरू


जव्हार,
१४ एप्रिल २०२५

ती. आईंस,
प्राजक्ताचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. डोळ्याला चुलीचा धूर लागू देऊ नका. काळ्याभाऊंकडे थेंबांची दुसरी बाटली पाठवलीय, झाकण निळं आहे.

तुम्ही सगळं सांगितलंत, म्हणून मीही सांगते. जूनमध्ये जुड्या झोडल्या तेव्हा मला दाणे वेगळे दिसले होते. मी परत बोलले नाही. एकदा बोलले होते, आता मिसळतंय तर मिसळू दे, म्हणजे त्यांना कळेल, असं मनात आणलं. शेत आपल्या सगळ्यांचं, घरचं भात त्यात गेलं. यांनाही हे मी कधी सांगितलं नाही. तुम्ही मला बोललात तेव्हा मी गप्प राहिले, ते सोसायचं म्हणून नाही. माझ्याही मनात चोर होता.

पण आई, हाताला बरकत नाही म्हणालात, ते फार लागलं. गेल्या महिन्यात रामीआत्याच्या नातीच्या लग्नात मी तांदूळ निवडायला बसले, तर आत्यांनी माझ्या पुढचं सूप हळूच उचलून दुसरीकडे दिलं. मी पाणी प्यायचं निमित्त करून उठले. आता नवशीकाकूंच्या मुलीचं लग्न आहे, तिथे मला बोलावणं नाही.

तुमची माफी कागदावर आली, ती मी जपून ठेवते. पण बोललात चारचौघींत. मला एवढंच म्हणायचं आहे. जास्त लिहिलं असेल तर लहान समजून पोटात घाला.

तुमची,
प्राजक्ता


खोडाळा,
९ मे २०२५

चि. सौ. प्राजक्तास,
अ. आ.

काल नवशीकडे लग्नाचे तांदूळ निवडायला सगळ्या जणी जमल्या होत्या, रामीसुद्धा. मी सातही जुड्या ओच्यात घालून नेल्या. वाटेत दोनदा परत फिरले. एकदा तर विहिरीपर्यंत आले होते परत.

सुपाच्या कडेला जुड्या मांडल्या आणि म्हटलं, बघा, गाठी कुणाच्या आहेत सांगा. मग मीच बोलले. म्हटलं, या माझ्या आहेत, बियाणं मी मिसळलं, दिसत नसून दिसतंय म्हणत होते. दोष माझ्या डोळ्यात होता आणि तो मी सुनेच्या हातावर ठेवला. तू दाणे बघून गप्प राहिलीस ते मी सांगितलं नाही. ते तुझं-माझं. तुझ्याजागी मीही तेच केलं असतं, वर ताल धरून नाचले असते.

रामी म्हणाली, एवढं कशाला मनाला लावून घेतेस, म्हातारपणी होतंच. मी म्हटलं, मग तिच्या पुढचं सूप का उचललंस? माझ्या जिभेमुळेच ना? बाय, मी डोळे उघडेच ठेवले. सगळ्यांची तोंडं मला स्पष्ट दिसत होती. आधी दिसत नव्हती तेव्हा बोलणं सोपं होतं.

सोबत नवशीने तुझ्यासाठी बोलावण्याच्या अक्षता पाठवल्यात. म्हणाली, पहिलं सूप प्राजक्ताच्या हातात, ती येईपर्यंत लग्नाचे तांदूळ निवडायला घ्यायचे नाहीत. बियाण्याच्या दोन्ही पाट्या शेणाने लिंपून ठेवल्यात, मी हात लावणार नाही. तू ये आणि तूच ते लिंपण फोड. नाही आलीस तरी तुझ्यावर राग धरायचा मला हक्क नाही, एवढं आता कळतं.

बावीस तारखेला दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. दादा म्हणाला, सोबत कुणाला सांगू? तुला विचारल्याशिवाय मी तुझं नाव कसं घेणार? आलीस तर डब्यात पेज आण. आणि भरवताना या वेळी गप्प बसू नकोस. रागाव, पण मला तुझा आवाज ऐकू दे.

तुझी,
आई