तुटका ळ

जळगाव,
गुरुवार, २६ फेब्रुवारी १९८७

प्रिय सुनंदाअक्का,

नमस्कार. तुमचं पत्र सोमवारीच हातात पडलं. उत्तराला तीन दिवस लावले म्हणून रागावू नका. खोलीवर आलं की अंग टाकून द्यावंसं वाटतं.

मी बरी आहे. ऊन आतापासूनच चटकायला लागलंय. दुपारी प्रेसचे पत्रे असे तापतात की शाईचा वास डोक्यात चढतो. मशीनवरच्या झुलालच्या पोरीचं, बेबीचं लग्न ठरलं. वैशाखात, आखाजीला आहे. पोरीने विशी गाठली, मुलगा भुसावळला रेल्वेत आहे. बिचारा झुलाल एकटाच सगळं बघतोय, बायको जाऊन सहा वर्षं झाली.

कॉलेजातल्या मुलींसाठीची तुमची पुस्तिका माझी जुळवून झाली. प्रूफ सोबत पाठवते. एक विचारू? पाळी, दिवस जाणं, गुप्तरोग, सगळं नीट लिहिलंय. मला एकोणिसाव्या वर्षी असं कुणी हातात दिलं असतं तर, असं जुळवताना दहादा मनात आलं. पण नवराबायकोचं जे असतं त्याबद्दल तीनच ओळी आहेत, आणि तिन्ही 'सावध राहा' सांगणाऱ्या. बाईला त्यात बरंही वाटू शकतं, असं कुठेच नाही. मी काही शिकलेली नाही. नुसतं मनात आलं.

आता तुम्ही विचारलंय ते. भुसावळ स्टेशनबाहेर मिळालेली ती घाण पुस्तकं जळगावातच छापली जातात, तू छपाईच्या धंद्यात आहेस, कोणता प्रेस ते काढ, असं तुम्ही लिहिलंत. अक्का, मी दोघातिघांना विचारलं, कुणी बोलत नाही. इथे गल्लोगल्ली छपाईची ट्रेडल मशीनं आहेत. अक्षरांचे खिळे सगळ्यांचे सारखेच असतात, त्यावरून काही कळत नाही. आठ मार्चला महिला संघटनेचा मोर्चा काढायचाच तर कलेक्टर कचेरीवर काढा. प्रेसवर कशाला? काम करणारी माणसं गरीब असतात हो.

तुम्ही म्हणाल, मंजुळा, तूच असं बोलतेस? वरणगावच्या फॅक्टरीच्या कॉर्टरमधून तुला आम्हीच सोडवून आणली ना? विसरले नाही. हे कामावरून आले की यांच्या डब्याच्या पिशवीतून तसलंच पुस्तक निघायचं. पान उघडून माझ्यापुढे धरायचे, 'बघ, ही कशी करते. तुलाच काय धाड भरलीय?' मी तसं करू शकले नाही की हात उठायचा. चार वर्षं मला वाटत होतं, खोट माझ्यातच आहे. हे सगळं तुमच्या ओट्यावर बसून मी सांगितलंय. म्हणूनच म्हणते, त्या पुस्तकांची बाजू मी घेत नाहीये.

जास्त लिहीत नाही. पत्र वाचून फाडून टाका.

तुमची,
मंजुळा


जळगाव,
रविवार, २९ मार्च १९८७

सुनंदाअक्का,

उद्या पाडवा. शेजारणी घरं सारवतायत. मी सकाळपासून दाराला कडी लावून बसलेय. हा तिसरा कागद, आधीचे दोन फाडले.

तुमच्या पत्राला पंधरा दिवस झाले. तुम्ही लिहिलंत, तू पोटासाठी गप्प राहिलीस हे मी समजू शकते, मनात काही ठेवू नकोस, धुळ्याला ये. मोर्चानंतर प्रेसला पोलिसांचं सील लागलंय, तर संघटनेच्या ऑफिसात बस आणि मुलींची दुसरी पुस्तिका आपण मिळून करू. हे वाचून मला रडू आलं ते आनंदाचं नव्हतं. तुम्ही मला माफ केलंत, पण त्याहून मोठी गोष्ट तुम्हाला ठाऊकच नाही.

खिळ्यांवरून कळत नाही, असं मी लिहिलं होतं. ते खोटं होतं. तुमच्या पुस्तिकेच्या प्रूफातला खालून तुटलेला ळ तुम्ही त्या घाण पुस्तकात बरोबर ओळखलात आणि मोर्चा सरळ आमच्या मालकांच्या, रतिलालभाऊंच्या प्रेसच्या दारात आणलात. नऊ वर्षांपूर्वी याच दारात तुम्ही मला हाताला धरून आणलं होतं, की बाईला काम द्या, शिकेल.

पहिली सहा वर्षं तसलं काम माझ्याकडे येत नव्हतं. मग जुना कंपोझिटर सोडून गेला आणि भाऊ म्हणाले, 'आता तूच कर. वाचायचं नाही, नुसतं जुळवायचं.' पण अक्का, अक्षर अक्षर उचलल्याशिवाय जुळवता येत नाही. पहिल्याच हस्तलिखित वहीत माझं वरणगावचं घर निघालं. तीच बाई, 'नको नको' म्हणत असते आणि मग खूश होते. उचललेले खिळे मी परत कप्प्यात टाकले.

त्या दिवशी मी एक ओळ बदलली. 'नको म्हणत होती पण मनातून' असं काहीतरी होतं. मी जुळवलं, 'ती नको म्हणाली. तो थांबला. पाणी पिऊन आला आणि तिच्याजवळ बसून विचारलं, काय झालं?' त्या पुस्तकांचं प्रूफ कुणीच बघत नाही. छापून गेलं.

मग मला सवयच लागली. पुढच्या पुस्तकात दोन पानं बदलली, त्याच्या पुढच्यात अर्धं पुस्तक. गेल्या दिवाळीनंतर भाऊंनी बोलावलं. टेबलावर मूळ वही आणि छापलेलं पुस्तक. मला वाटलं, संपलं.

'हे तू केलंस?'

मी मान हलवली.

'भुसावळचा एजंट विचारतोय, हाच लिहिणारा पाहिजे. म्हणतो, स्टेशनवर बाया नवऱ्याला पाठवून मागवतात.' ते माझ्याकडे बघत नव्हते. 'आता वही येणार नाही. तूच लिही.'

मी नाही म्हणू शकले असते. त्यांनी जबरदस्ती केली, असं तुम्हाला सांगता आलं असतं तर किती सोपं होतं. मी लिहिलं. पूर्ण पुस्तक. त्यात एक बाई आहे, माझ्याएवढी, छत्तीसची. भरदुपारी ती आपल्या माणसाला स्वतःहून जवळ बोलावते. खिडकी लावू देत नाही. त्याला सांगते, असं नको, असं. तो ऐकतो. असा माणूस मला कधी भेटला नाही, पण लिहिताना तो होता. आणि मला लाज वाटली नाही. लिहिताना माझं अंग माझं वाटलं. हे मी आजवर कुणाला बोलले नाही. ज्या दुकानातून ते विकलं गेलं, तिथे शेजारीच दुसरी पुस्तकं होती, ज्यांत कुणीतरी कुणाला तरी हाणतोय. तीही मीच आधी जुळवलेली, एक ओळही न बदलता, कारण तेव्हा कामाची घाई होती. यातलं कोणतं पाप किती मोठं, मला मोजता येत नाही.

आठ तारखेला तुम्ही गठ्ठे बाहेर काढलेत आणि जाळण्याआधी बायांना कळावं म्हणून एक पुस्तक उघडलंत. मी तुमच्यापासून चार हातांवर होते. पहिली ओळ ऐकली आणि पुस्तक ओळखलं. माझंच. तुम्ही दोन वाक्यं वाचलीत, तिसऱ्याला थांबलात. साक्रीकडच्या म्हाताऱ्या झुंबरबाई पुढेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, 'वाच ना वं माय, फुढे काय शे?' सगळ्या बाया हसल्या. तुमचा चेहरा लाल झाला. 'हेच ते विष!' म्हणत तुम्ही ते आगीत टाकलंत. मग मीही एक गठ्ठा उचलून टाकला आणि तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात. तो हात मला अजून जाणवतो.

मग पोलीस आले. इन्स्पेक्टरने लेखक कोण विचारलं तेव्हा भाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, 'टपालाने येतं साहेब, आम्ही माणूस पाहिला नाही.' मला वाचवलं की स्वतःला, कळलं नाही. झुलाल खाली बघत उभा होता. त्याला सगळं ठाऊक होतं.

तोच परवा खोलीवर आला. उंबऱ्याबाहेरच थांबला. बेबीसाठी म्हणाला, 'मंजुळाबाई, मनी पोरले माय नही. तिले दोन गोष्टी सांगी द्या.' आणि वर, 'तुम्ही लिव्हं तसं.'

बेबी काल आली. तुमची पुस्तिका दिली, ती तिने वाचली. मग बाकीचं मी बोलले. नको वाटलं तर नको म्हणायचं आणि त्याने थांबायचं. दुखणं म्हणजे सहन करायची गोष्ट नाही. आणि हवंसं वाटलं तर त्यात वाईट काही नाही, तसं त्याला सांगावं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. मग विचारलं, 'मावशी, तुम्हाला सुख मिळालं होतं?' मी म्हटलं, नाही. 'मग कसं माहीत?' ती गेल्यावर हे पत्र लिहायला घेतलं.

अक्का, धुळ्याचं काम मला हवं आहे. इथे घराबाहेर पडले की वाटतं, प्रत्येक जण ओळखतोय. पोलीस पुन्हा येतील का, भाऊ कोर्टात बोलतील का, याने जेवण जात नाही. पण हे तुमच्यापासून लपवून तुमच्या ऑफिसात बसले, तर रोज तुमच्या तोंडाकडे बघताना भीतीच वाटेल. तुम्ही मला घरात घेतलंत तेव्हा मी मार खाल्लेली होते, ते तुम्हाला समजत होतं. ही दुसरी मंजुळा तुम्हाला समजेल का, ठाऊक नाही. मला तरी कुठे पुरती समजते.

बेबीला जे सांगितलं ते सोबतच्या पानावर लिहून काढलंय. दुसऱ्या पुस्तिकेत घाला. शब्द ओबडधोबड असतील तर बदला, पण सावध करून सोडून देऊ नका. मला घेतलं नाहीत तरी ते पान छापा. त्यावर माझं नाव नसलं तरी चालेल.

खाली 'तुमची' लिहायचं की नाही, ते ठरत नाही. ते तुमच्या उत्तरावर ठेवते.

मंजुळा