समीकरणात नसलेली काडी

सर, आज गोंदियाच्या कॉलेजात शिकवताना तुमच्या प्रश्नाचं उत्तर सुचलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता उत्तर देऊन काय उपयोग, असं घरचे म्हणतात. म्हणू देत.

चिचगडच्या शाळेत तुम्ही ओल्या मातीच्या गोळ्यांत खराट्याच्या काड्या खोचून रेणू करायला लावायचात. गोळा म्हणजे अणू, काडी म्हणजे बंध. मी एकदा आळसाने गोळे नुसतेच चिकटवले, तर तुम्ही ते मोडून टाकलेत. "काडी काऊन नाही लावली व? हवेवर टिकते का ते?" असा राग आला होता मला! त्या रागातच बहुतेक मी पुढे रसायनशास्त्र घेतलं.

पीएच.डी. करून आले तेव्हा तुम्ही रिटायर झाला होतात, शेजारच्या पोरांची शिकवणी तेवढी घ्यायचात. चहा पिता पिता मी सांगितलं, की क्वांटमच्या समीकरणात इलेक्ट्रॉन असतात, अणूंची केंद्रकं असतात, त्यांची ओढाताण असते. बंध नावाची वस्तू कुठेच नसते. तुम्ही कप खाली ठेवलात. "मंग मी जनमभर पोरायले खोटंच शिकवून राहिलो का?" ते तेव्हा मलाच माहीत नव्हतं. त्यानंतर तुम्ही शिकवणी बंद केलीत, हे काकूंकडून कळलं. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात.

आज वर्गात मोहाच्या दारूचा विषय निघाला; इकडे तो निघतोच. दारूतल्या अल्कोहोलमध्ये जे अणू, तेच आणि तेवढेच ईथर नावाच्या एका रसायनातही असतात. मांडणी तेवढी वेगळी. एकाने नशा चढते, दुसरा साध्या हवेत वायू होऊन उडून जातो. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, अणू सेम, तर समीकरण बी सेमच ना? मंग त्याले कसं समजते, दारू कोणती?"

समजत नाही, सर. नुसत्या समीकरणाला ते समजत नाही. ते सोडवताना कोणता अणू कुठे ठेवायचा हे आम्हीच आधी कॉम्प्युटरला सांगतो, आणि सांगताना डोळ्यांपुढे तुमच्या काड्याच असतात. रोजचं काम, पण कधी लक्षात आलं नाही. मी खडूने फळ्यावर दोन्ही रेणू काड्यांसकट काढले. तुम्ही खोटं शिकवलं नाहीत. घरी येताना ऑटोत रडू आलं मला.

पण बंध खरा आहे का? आमचं काम त्याच्यावाचून अडतं, एवढं शपथेवर सांगेन. अडतं म्हणून तो असतोच, असं मात्र अजून म्हणवत नाही. तुमचा पत्ता असता तरी हे पत्र मी आज टाकलं नसतं. एवढ्याशा उत्तरावर तुम्ही मला खाली बसू दिलं नसतं.